कान कापलेल्या मांजरांच्या बाजूने

मराठीतले मांजर म्हणींमध्ये फार सुखाने नांदते. ते डोळे मिटून दूध पिते, उंदराला साक्ष राहते, शिंके तुटण्याची वाट पाहते. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत. तिच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न तर आपल्या राजकीय अग्रलेखांना अजून पुरतो आहे. हातून मांजर मेलेच तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे, अशी तरतूदही लोकपरंपरेने करून ठेवली आहे. परंतु नागपुरातल्या एखाद्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये मांजरीने चार पिले घातली की या साऱ्या भाषावैभवातून आपल्याला एकच वाक्य सुचते : "पोत्यात भरा अन् सोडून या कुठंतरी दूर."

प्रस्तुत लेख त्या पोत्याविरुद्ध आहे. तो काही प्रमाणात त्या वाटीविरुद्धही आहे, जी रोज संध्याकाळी जिन्याखाली दुधाने भरून ठेवली जाते आणि जिच्यापुढे आपली भूतदया संपते. पोते आणि वाटी यांच्या मधोमध एक तिसरी वस्तू आहे : पिंजरा. मांजरे पिंजऱ्यात पकडावीत, पशुवैद्याकडून त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, रेबीजची लस द्यावी, भूल उतरण्यापूर्वीच ओळखीसाठी एका कानाचे टोक कापावे आणि जिथून उचलले तिथेच त्यांना परत सोडावे. हे सर्व एका दयाळू बाईने वा एका उत्साही विद्यार्थ्याने न करता सबंध मोहल्ल्याने, एकाच हंगामात, सलग करावे. माझे म्हणणे एवढेच आहे. ते साधे दिसते, पण त्याला होणारा विरोध साधा नाही. आणि त्या विरोधाचा मोठा भाग आपल्या शब्दांत दडलेला असल्यामुळे साहित्याच्या अध्यापकाने त्यात तोंड घालणे अप्रस्तुत ठरू नये.

वर्तमानपत्रे या मांजरांना तीन विशेषणे आलटूनपालटून लावतात : मोकाट, भटकी, बेवारस. तिन्ही शब्द चुकीचे आहेत आणि तिन्ही चुका सोयीच्या आहेत. मोकाट म्हणजे ज्याला दाव्याने बांधायला हवे होते आणि बांधले नाही ते. गुरांच्या बाबतीत हा शब्द शोभतो, कारण तिथे गोठा असतो, खुंटा असतो आणि दुर्लक्ष करणारा मालकही असतो. पार्किंगमध्ये जन्मलेल्या मांजराला खुंटा कधी नव्हताच. भटकी म्हणावीत तर मांजराइतका आपल्या हद्दीला चिकटलेला प्राणी विरळा. आपल्यापैकी निम्मे लोक भाड्याची घरे बदलत शहरभर फिरतात, मांजर त्याच तीन भिंती आणि एका गच्चीवर आयुष्य काढते. शिवाय 'भटके' या शब्दावर आपण तरी सावध व्हायला हवे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः शिक्का मारला, त्या समाजांतून आलेली आत्मकथने आपण वर्गात शिकवतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० पासून आपल्यासमोर आहे. माणसांची आणि मांजरांची तुलना करण्याचा येथे अजिबात हेतू नाही. एखाद्याचे ठिकाण नाकारायचे असेल तर आधी त्याला ठिकाणच नाही असे म्हणायचे, या सवयीकडे बोट दाखवायचे आहे. राहिला बेवारस. हा शब्द मूळचा वारसाहक्काचा. आज तो पोलिसांच्या पंचनाम्यात मृतदेहाला आणि रस्त्याकडेच्या मोटारसायकलीला लावला जातो. जे बेवारस आहे त्याची विल्हेवाट लावता येते. शब्दाची उपयुक्तता तेवढीच.

इंग्रजीत माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेल्या पाळीव जातीच्या प्राण्यासाठी 'फेरल' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तो नाही. 'रानमांजर' म्हणावे तर तो वेगळाच वन्यप्राणी. गवताळ रानात, पाणथळीच्या कडेला राहणारा आणि वन्यजीव कायद्याखाली येणारा. मारुती चितमपल्लींनी ज्या चिकाटीने रानातले शब्द गोळा करून कोशांत आणले, ती चिकाटी गल्लीतल्या प्राण्यांच्या वाट्याला कुणाची आली नाही. रानाचा कोश आणि घराचा कोश यांच्यामधल्या बोळात हे मांजर राहते. शब्द नसल्याचा तोटा व्यवहारात असा होतो की "एवढं प्रेम आहे तर घरी न्या ना मग, सर" हे उत्तर कुणालाही बिनतोड वाटते. पिलाच्या पहिल्या सात-आठ आठवड्यांत माणसाचा हात लागला तर ते माणसाळते. तो काळ उलटला की बहुधा नाही. तीन वर्षांच्या अशा बोक्याला घरात कोंडणे म्हणजे त्याच्यावर आणि घरावर सारखाच अन्याय. तो कपाटामागे बसून राहील, खाणार नाही, हात पुढे केला तर फाडून काढील. तो घरातला नाही आणि रानातलाही नाही, तो गल्लीतला आहे. 'गल्लीचे मांजर' हा शब्द मला म्हणूनच इतर तिन्हींपेक्षा बरा वाटतो. त्यातल्या षष्ठीच्या प्रत्ययात थोडी मालकी येते.

हे 'घरी न्या' प्रकरण आपल्या शहरात न्यायालयापर्यंत गेलेले आहे, मांजरांवरून नव्हे, कुत्र्यांवरून. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिला की नागपूरच्या कुणाही रहिवाशाने सार्वजनिक ठिकाणी कुत्र्यांना खाऊ घालू नये. ज्याला खाऊ घालायचे असेल त्याने कुत्रे दत्तक घ्यावे, महापालिकेत नोंदवावे आणि आपल्या घरी खाऊ घालावे. भंग करणाऱ्यास २०० रुपये दंड. अवघ्या महिन्याच्या आत, १६ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली. पुढे १० मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारचे नवे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले. २००१ च्या जुन्या नियमांच्या नावातच कंसात 'कुत्रे' असा शब्द होता; नव्या नावातून तो कंस गेला. एवढ्याशा संपादनाने मांजर पहिल्यांदा या कायद्याच्या उंबऱ्यात आले. ज्याच्यावर कुणी मालकी सांगितलेली नाही असा वस्तीत जन्मलेला प्राणी हा त्या वस्तीचा प्राणी, अशी व्याख्या नव्या नियमांत आहे, आणि त्याच्या खाण्याच्या जागा ठरवण्याचे काम रहिवाशांच्या संघटनांवर सोपवलेले आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ते बेवारस राहिलेले नाही. आपल्या मथळ्यांतून मात्र ते अजून बेवारसच फिरते.

आता शस्त्रक्रियेच्या नावाकडे येऊ. सरकारी मराठीत निर्बीजीकरण, बातमीच्या मराठीत नसबंदी. पहिला शब्द कुणाला समजत नाही आणि दुसरा सगळ्यांना नको तितका समजतो. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात जे घडले त्यानंतर 'नसबंदी' उच्चारताच माणसे एकतर हसतात किंवा चिडतात, आणि दोन्ही प्रतिक्रिया मांजराच्या मुळावर येतात. (गंमत अशी की 'प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे' हे कलम ५१-क मधले मूलभूत कर्तव्य घटनेत आले ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, त्याच आणीबाणीत. माणसांवर सक्ती आणि प्राण्यांवर दया एकाच वर्षी कागदावर उतरली. यावर कुणी कादंबरी लिहिली नाही याचे नवल वाटते.) माणसाच्या शरीरावरची सक्ती हा गुन्हाच होता, कारण माणूस संमती देऊ शकतो आणि ती घेतली गेली नाही. मांजराची संमती घेण्याचा मार्ग उपलब्ध नाही. तिथे विचारण्याजोगा प्रश्न वेगळा : यामुळे त्या जीवाचे दुःख वाढते की घटते?

"पण हे निसर्गाच्या विरुद्ध नाही का?" असे विचारणारे माझे सहकारी आहेत, आणि त्यांतले बरेचसे शेतकरी कुटुंबांतून आलेले आहेत. त्यांना तिसरा शब्द मी आठवून देतो : खच्ची करणे. हा शब्द त्यांच्या वाडवडिलांचा आहे. नांगराला जुंपायचा गोऱ्हा खच्ची करायचा, हे कुणबिकीतले सर्वसाधारण ज्ञान. विदर्भात पोळ्याला ज्याच्या खांद्याला तूप-हळद लावतो, शिंगांना बेगड लावतो, ज्याच्यापुढे पुरणपोळी ठेवतो, तो बैल खच्ची केलेला असतो. आणि ते काम पूर्वी भूल न देता, दगडावर ठेचून होत असे. त्या बैलावर आपल्याकडे शेकड्यांनी कविता झाल्या, निसर्गाच्या विरुद्ध म्हणून एकही झाल्याचे ऐकिवात नाही. नागपूरकर तर दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन तान्हा पोळाही साजरा करतात. आपल्या कामासाठी बैल खच्ची करणे नैसर्गिक आणि मांजरीच्या सुखासाठी भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया अनैसर्गिक, असा हा निसर्ग आहे. आपल्या समीक्षेने हाच शब्द उचलून 'मानसिक खच्चीकरण' असा त्याचा गुळगुळीत वापर सुरू केला आणि मूळ क्रिया विसरून गेली.

यापेक्षा गंभीर आक्षेप मातृत्वाचा. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ बाईंनी मला म्हटले, "काहून त्या मुक्या जिवाचं आईपण हिसकावता, सर?" वाक्य हृदयाला भिडणारे आहे. म्हणून त्या आईपणाचा हिशेब करू. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. ती स्वतः पाच-सहा महिन्यांची होते न होते तोच गाभण राहू शकते, आणि पिले अंगावर पीत असतानाही पुन्हा माजावर येऊ शकते. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात गल्लीतल्या मांजरींच्या १६९ पिलांचा माग संशोधकांनी ठेवला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत १२७ पिले मेली किंवा नाहीशी झाली. चारांतली तीन. नागपुरात याला मे महिन्याचा पारा जोडा, पत्र्याच्या शेडखालचे ४५ अंश जोडा, थंडीत गाडीच्या बॉनेटखाली ऊब शोधणारी पिले जोडा. 'सात घरे फिरवते' असे आपण कौतुकाने म्हणतो. ती फिरवते कारण सहा घरांतून तिला हुसकावलेले असते. हे आईपण हिरावले जाते ते वर्षातून दोनदा, पिलागणिक, आपल्या डोळ्यांदेखत. शस्त्रक्रियेने ते एकदाच थांबते.

याच आकड्यांनी आमच्या बाजूच्या एका थापेचाही निकाल लागतो. मांजरांच्या एका जोडीपासून सात वर्षांत ४,२०,००० मांजरे होतात, असे प्राणिप्रेमी पत्रकांतून वर्षानुवर्षे छापले जाते. ते खरे असते तर बर्डीच्या पुलावरून मांजरांशिवाय काहीच दिसले नसते. ही संख्या गणिताच्या वहीत जन्मते आणि तिथे एकही पिलू मरत नाही. लोकांना मांजरांच्या पुराची भीती घालून दया शिकवता येत नाही. भीतीने माणूस पिंजऱ्याकडे वळत नाही, पोत्याकडे वळतो.

पोत्याबद्दल सविस्तर बोलले पाहिजे, कारण ते सभ्य माणसांचे हत्यार आहे. मारायचे नाही, रक्त सांडायचे नाही, काशीचा खर्चही नको. रात्री स्कूटरच्या पायाशी पोते ठेवायचे आणि कुठल्यातरी नाल्यापलीकडे, नाहीतर थेट गोरेवाड्याच्या रस्त्याला तोंड सोडून यायचे. "तिथं झाडं आहेत, जगतील." जगत नाहीत. मांजराचे जगणे जागेच्या ओळखीवर चालते : पाणी कुठे, कुत्रा कुठला, कोणती भिंत चढता येते, कोणत्या काकू पोळीचा तुकडा टाकतात. अनोळखी जागी ही सगळी विद्या शून्य होते. शिवाय तिथे आधीचे बोके असतात. मागे राहिलेली पिले, ज्यांचा पोते भरणाऱ्याला पत्ताच नसतो, माळ्यावर ओरडून ओरडून गप्प होतात. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे पेट्रोलच्या खर्चाहून कमी. आणि इतके करून मिळते काय? कचऱ्याचा डबा उघडा आहे, मासळीवाल्याची गाडी दर बुधवारी येते, पार्किंगमध्ये सावली आहे. जागा रिकामी झाली की शेजारच्या लेआउटमधून नवी मांजरे येतात, तीही न शस्त्रक्रिया झालेली. दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच म्यावम्याव. कापलेल्या कानाचे मांजर तिथेच असते तर त्याने ती जागा अडवून धरली असती. म्हणून 'परत सोडणे' हा या योजनेचा कणा आहे, आणि लोकांना नेमके तेच पटत नाही. "पकडलं होतं तर परत काहून आणलं?" हा प्रश्न विचारला जाणार हे गृहीत धरूनच पिंजरा उचलावा.

पक्षिमित्रांशी माझा वाद नाही, निदान अर्धा नाही. मांजर हे पोट भरलेले असतानाही शिकार करते. अमेरिकेत मांजरे दरवर्षी १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला, आणि तो फुगवलेला आहे असे म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. अंबाझरीच्या काठाला, गोरेवाड्याच्या कुंपणाला, जिथे रानमांजराचा वावर आहे तिथे, मांजर परत सोडू नये; तिथल्या मांजरांसाठी निवाऱ्याचीच सोय हवी. पण इतवारीच्या बोळात, मेडिकलच्या मागच्या वस्तीत, महालातल्या वाड्यांत हा युक्तिवाद आणला की तो पक्ष्यांसाठी राहत नाही. आणि रानाकाठी मांजरे येतात कुठून, हेही त्यांनी विचारावे. पुष्कळदा पोत्यातूनच.

आता वाटी. हितोपदेशातला जरद्गव नावाचा म्हातारा आंधळा गिधाड आपल्याला ठाऊक आहे. दीर्घकर्ण मांजराच्या गोड बोलण्याला भुलून त्याने त्याला ढोलीत जागा दिली. पिले खाल्ली मांजराने आणि जीव गेला गिधाडाचा. मोहल्ल्यात रोज दूध-पोळी घालणाऱ्या व्यक्तीची, बहुधा ती एकटी राहणारी वयस्क बाई असते, हीच गत होते. मांजरे वाढली की सोसायटीच्या सभेत तिच्यावरच सगळे तुटून पडतात. तिच्याबद्दल मला आदर आहे. त्या गल्लीत मांजरांची नावे माहीत असणारी ती एकटीच. तरीही तिला सांगितले पाहिजे की पोट भरलेली मांजरी जास्त पिले जगवते आणि ती पिले पुढल्या वर्षी तिच्याच जिन्याखाली वितात. खाऊ घालणे हा अर्धा व्यवहार आहे. उरलेला अर्धा व्यवहार तिच्या एकटीच्या पेन्शनीतून व्हावा अशी अपेक्षा करणारे आपण मात्र तिच्यावर दंडाची मागणी करतो. खरे तर पिंजऱ्याचे अर्धे काम तिच्या वाटीनेच होऊ शकते, कारण मांजर ठरल्या वेळी ठरल्या जागी येते ते तिच्यामुळे.

पिंजऱ्याचे तंत्र सोपे आहे, फक्त त्याला धीर लागतो. आधी चार-पाच दिवस उघडा पिंजरा दार बांधून ठेवावा आणि त्यातच खाणे द्यावे. पकडायच्या आदल्या रात्री सगळ्यांनीच वाट्या उचलाव्यात; एका घरानेही "बिचारं उपाशी आहे" म्हणून पोळी टाकली की दिवस फुकट. आमिषाला सुकट किंवा मासळीचे डोके यासारखे दुसरे काही नाही, मग घर कितीही शाकाहारी असो. फळी दबून दार पडले की मांजर थैमान घालते. तत्क्षणी पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी, अंधारात ते शांत होते. उन्हाळ्यात दिवसा पिंजरा लावू नये. पत्र्याजवळच्या पिंजऱ्यात मांजर तासाभरात दगावू शकते. मांजरीच्या सडांवरून ती पाजती आहे असे दिसले तर आधी पिले शोधावीत, आणि ती सापडत नसतील तर तिला तूर्त सोडून द्यावे. शस्त्रक्रियेनंतर बोका साधारण दिवसभरात आणि मांजरी दोन-तीन दिवसांत, जखम पाहून, परत न्यावी. कानाचे टोक भुलीतच कापले जाते. ते मांजरासाठी नसून आपल्यासाठी आहे, पुढच्या खेपेला तेच मांजर पुन्हा टेबलावर जाऊ नये म्हणून. कानफाट्या नाव एकदा पडले की पडले, ही म्हण येथे प्रथमच कुणाच्या तरी फायद्याची ठरते.

उमेश कुलकर्णींचा 'वळू' २००८ मध्ये आला तेव्हा आपण सगळे हसलो. देवाला सोडलेला बैल, त्याला पकडायला आलेला वनाधिकारी आणि बैलाच्या निमित्ताने उघडा पडणारा गाव. पकडण्याची खरी अडचण जनावर नसून गाव असते, हे त्या चित्रपटाने जितके नेमके दाखवले तितके कुठल्याही शासकीय पुस्तिकेत सापडणार नाही. मांजरांचेही तेच. इस्राएलमधल्या रिशोन लेझियोन या शहरात बारा वर्षे चाललेल्या कामाचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली चार वर्षे नुसती मोजणी. पुढली चार वर्षे शहराच्या निम्म्या भागांत निर्बीजीकरण, एक भाग घेतला, शेजारचा सोडला, असे. मांजरे घटली नाहीत. शेजारून नवी येत राहिली. शेवटची चार वर्षे सलग सर्व भागांत, ७० टक्क्यांहून अधिक मांजरांवर शस्त्रक्रिया केली, तेव्हा संख्या दरवर्षी सुमारे ७ टक्क्यांनी उतरू लागली. वेग फार नाही, आणि मागे राहिलेल्या पिलांची जगण्याची शक्यता वाढल्याने तोही काहीसा मंदावतो. ज्यांना पुढच्या गणपतीपर्यंत मांजरमुक्त लेआउट हवा आहे त्यांनी हे वाचून निराश व्हावे. पण यातून एक गोष्ट पक्की होते की या गल्लीत तीन, त्या गल्लीत दोन अशा सुट्या पुण्यकर्मांनी मांजरांचे दुःख एकूणात घटत नाही. ज्या दोन-तीन मांजरींवर शस्त्रक्रिया झाली त्या सुटल्या, एवढेच.

सलगता व्यक्तीकडून येत नाही, संस्थेकडून येते. मुंबई महापालिकेने कुत्र्यांपाठोपाठ मांजरांच्या निर्बीजीकरणाचे कामही हाती घेतले, पुणे महापालिकाही त्या वाटेने गेली. नागपुरात कुत्र्यांसाठीचे भांडेवाडीचे केंद्र लोकांच्या तोंडी आहे. मांजरासाठी कुठे जावे असे आमच्या भागात दहा घरी विचारले तर दहा वेगळी उत्तरे मिळतात आणि त्यांतली आठ 'पोते' हीच असतात. हे त्या शहरात, जिथे सेमिनरी हिल्सच्या परिसरात १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे आहे आणि जिथे साऱ्या राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. ज्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा सराव हवा आहे ते आणि ज्या मांजरींना शस्त्रक्रिया हवी आहे त्या, यांच्यात काही किलोमीटरचे अंतर आहे. ते कमी करायला एखादा ठराव, एक गाडी आणि तीसेक पिंजरे पुरतील. भक्तिमार्गात मार्जारकिशोरन्याय सांगतात : मांजरीचे पिलू स्वतः काही करत नाही, आई मानगुटीला धरून नेईल तिकडे लोंबकळत जाते. आपण नागरिकांनी महापालिकेच्या बाबतीत हा न्याय पराकोटीला नेला आहे, फरक इतकाच की तिकडून उचलायला कुणी येत नाही.

महाविद्यालयांतील अध्यापकांना या विषयाकडे आता तरी पाहावे लागेल. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवावीत आणि ती तिथे परत सोडू नयेत असा आदेश दिला. चावे आणि रेबीज यांमागचे दुःख खरे आहे आणि त्या आदेशाची चर्चा मी येथे करत नाही. परंतु 'परत सोडू नये' हे शब्द एकदा कुत्र्यांबद्दल कार्यालयीन पत्रव्यवहारात रुळले की मांजरांच्या नावाने वेगळा आदेश येण्याची वाट कुणी पाहणार नाही; आवार 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहात एखादा शिपाई पोते घेऊन येईल आणि त्याला अडवायला आपल्याजवळ एकही कागद नसेल. ग्रंथालयाच्या मागे, कॅन्टीनच्या मोरीजवळ, परीक्षा विभागाच्या गठ्ठ्यांवर झोपणारी मांजरे प्रत्येक महाविद्यालयात आहेत. (त्या गठ्ठ्यांपासून उंदरांना कोण दूर ठेवते, हेही परीक्षा विभागाने नोंदवावे. वऱ्हाडात प्लेगच्या दिवसांत, १९०८ च्या सुमारास, अमरावतीच्या बुकॅनन नावाच्या इंग्रज डॉक्टराने मांजरे पाळणाऱ्या गावांत प्लेग कमी दिसतो असे मांडले होते. मांजर हा उंदरांवरचा रामबाण उपाय नाही, आणि मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे पुढे कळले. तरी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कुणी एकाने घरोघरची मांजरे गांभीर्याने मोजली होती, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.)

मोजण्यापासूनच सुरुवात करता येईल आणि त्यासाठी मराठी विभागही पुरे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी एक वही घालावी : मांजराचा रंग, खुणा, नर की मादी, कुठे खाते, कुठे झोपते, कान कापलेला की अखंड, पाजती आहे का. पंधरा दिवसांत आवाराची यादी तयार होते. ती यादी, पशुवैद्याचे प्रमाणपत्र आणि लसीच्या नोंदी प्राचार्यांच्या फाइलला लागल्या की त्या मांजरांना बेवारस म्हणणे कुणालाही जड जाईल. भिंतीपलीकडच्या लेआउटलाही त्याच आठवड्यात सोबत घ्यावे, नाहीतर रिशोन लेझियोनच्या मधल्या चार वर्षांची पुनरावृत्ती होईल. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात. तेव्हा काम दिवाळीनंतर हाती घेऊन संक्रांतीच्या आत आटोपावे. त्या दिवसांत नागपुरात पिंजरा रात्रभर उघड्यावर ठेवला तर खाली गोणपाट आणि वर दुहेरी चादर लागेल.